जैतूनचाचीची फाइल

अकरावीच्या सहामाहीआधी ऊर्जिता माळीला दोन गोष्टी मिळाल्या. एक चष्मा आणि एक कान. चष्मा तिचा स्वतःचा होता. कान दस्तगीरचाचांचा होता.

खराखुरा कान नव्हे हं! पण ते सांगायचं तर चाचांपासूनच सुरुवात करायला हवी. मिरजेत सतारी-तंबोऱ्यांच्या गल्लीत माडीवर त्यांचा कारखाना. कारखाना कसला, एक खोली, त्यात अर्धे भोपळे आणि अर्धा भुसा. तंबोऱ्याची तार घोडीवर जिथं टेकते, ती जागा घासून घासून इतकी नेमकी करायची, की तार नुसती वाजत नाही, गुंजत राहते. त्याला जवारी म्हणतात. जवारी मापानं लागत नाही, कानानंच लागते. आणि बारा वर्षांपूर्वी मेंदूज्वर येऊन चाचांचे दोन्ही कान गेले. सुताराचे हात गेले असते तर लोक हळहळले असते, इथं तर गल्लीच मुकी झाली.

डॉक्टरांनी कवटीत एक चकती बसवली आणि कानामागे नखाएवढं यंत्र. त्याचं नाव ‘सोबत’. सोबतचा प्रोग्राम कुण्या एका कंपनीचा नव्हता, सगळ्यांसाठी खुला होता. जिथं असा कान, तिथल्या शाळेतलं कुणीतरी त्याचं राखणदार. ऊर्जिताच्या शाळेकडे अकरा कान होते आणि राखणदारी नेहमी बारावीची पोरं करायची. या वर्षी संगणकाच्या घोरपडे मॅडमनी पहिल्यांदाच अकरावीच्या मुलीला किल्ली दिली. जी मुलगी गल्लीत कितीही बडबडली तरी मागच्या वर्षी वर्गात हजेरीत ‘यस मॅडम’ म्हणतानाही लाल व्हायची, तिला! ऊर्जितानं ती बातमी आईला सांगितली, शेजारच्या काकूंना सांगितली, रिक्षावाल्यालाही सांगितली.

मग तिनं चाचांचं फोल्डर उघडलं आणि कपाळावर हात मारला.

चारशे बारा फाइली! प्रत्येक आवाजाची एक. यंत्राला नवा आवाज भेटला की ते चाचांना विचारायचं, हा कशाचा? चाचा तोंडाला येईल ते सांगायचे आणि तेच फाइलचं नाव व्हायचं. ‘कुकर चौथी शिट्टी’. ‘शिसवी खुंटी पिळताना’. ‘नको तो फोन’. ‘जैतून’. ‘जैतून रागात’. आणि ‘वरच्या गल्लीची वटवट’.

तिनं ती शेवटची उघडली. पहिली नोंद अकरा वर्षांपूर्वीची होती. पाच वर्षांची एक मुलगी चाचांना सांगत होती, की तिच्या मावशीच्या म्हशीला जुळं झालंय. आवाज ऊर्जिताचाच होता.

“वटवट काय!” ती एकटीच ओरडली. “थांबा तुम्ही.”

ऊर्जिताचा स्वभाव उरकून टाकण्याचा. भांडी घासायला बसली की शेगडीही पुसून मोकळी होणार. त्या दुपारी तिनं चारशे बाराच्या चारशे बारा फाइलींची नावं बदलली. सगळ्या एका रांगेत, शहाण्यासारख्या. वटवट झाली ‘ध्वनी मानव ०१७’. जैतून झाली ‘ध्वनी मानव ००१’. आणि हात लागलेलाच आहे तर, म्हणून तिनं फाइलींच्या आतही झाडू फिरवला. ओळी नव्या पद्धतीनं मांडल्या, जुन्या मापांच्या जागी नवी मापं घातली, नको ते उडवलं. मग सगळं एकगठ्ठा जमा करून टाकलं. मॅडमनी नावांची यादी वरून खाली पाहिली, “वा, शिस्त आली,” म्हणाल्या आणि मंजूर केलं.

चार दिवसांनी ऊर्जिता चाचणी घ्यायला माडीवर गेली. मनात कौतुक ऐकायची पुरेपूर तयारी.

“चाचाऽ, कान कसा चाललाय? एकदम टकाटक ना?”

चाचा मीटर बघायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं तिच्याकडे बघत राहिले. मग चेहरा ओळखून म्हणाले, “हां, ऊर्जी. बस.”

पुढं काही नाही. ना ‘आली वटवट’, ना काही. समोर एक तंबोरा आडवा पडला होता. ते घोडी आणि तारेच्या मध्ये जवारीचा धागा सरकवत होते, तार छेडत होते, मान हलवत होते आणि पुन्हा सरकवत होते.

जैतूनचाची चहा घेऊन वर आल्या. चाचांच्या बायको. गल्लीतल्या निम्म्या पोरांना त्यांनीच शिरखुर्मा खाऊ घालून मोठं केलेलं. चाचणीसाठी ऊर्जितानं फोनवर ध्वनिमुद्रण चालू केलंच होतं.

“साखर घालू का अजून?” चाचींनी विचारलं.

चाचा दचकले. “असं काय बोलतेस?”

“कसं बोलते?”

“पत्र्यावर वाळू ओतावी तसं. आपलं नाही वाटत.”

चाचींनी बशी त्यांच्यासमोर ठेवली. “माझा गळाच असा आहे,” त्या म्हणाल्या आणि खाली निघून गेल्या.

चाचांनी धागा खाली ठेवला. “कानाचा दोष नाही पोरी, वयाचा आहे. चार दिवस झाले, सगळे आवाज अनोळखी झालेत. पाहुण्यांनी भरलेल्या घरात बसल्यासारखं वाटतं. तार बोलते, पण माझ्याशी नाही बोलत. आणि जैतून...” त्यांनी जिन्याकडे पाहिलं. “तिचं बोलणं मला परकं लागतं. चाळीस वर्षं संसार केलेली बायको परकी वाटायला लागली की माणसानं समजावं, आपलंच डोकं गेलं. अजून थोडे दिवस बघतो, नाही तर हे यंत्र काढून ठेवतो. बारा वर्षं मिळाली, पुष्कळ झाली.”

त्यांनी यंत्र कानामागून काढलं, भुशात ठेवलं आणि पुन्हा शांततेत जाऊन बसले.

ऊर्जितानं जिन्यातच फोन उघडला. ध्वनी मानव ००१. वय: चार दिवस. ध्वनी मानव ०१७. वय: चार दिवस. कुकर, खुंट्या, तारा, साऱ्यांचं वय चार दिवस. ती तशीच शाळेकडे पळत सुटली.

“मॅडम, मी फक्त नावं बदलली हो!”

“फक्त?” घोरपडे मॅडमनी खुर्ची तिच्याकडे ओढली. संगणकाची प्रयोगशाळा रिकामी होती. “माझ्या आजीचं लग्नात नाव बदललं होतं. गोदावरीची सुलोचना केली. तरी माहेरी गेली की कुत्रं शेपूट हलवायचं. नाव बदललं, वास तोच होता ना! आता समज, नाव बदललं, चेहरा बदलला, चाल बदलली, आणि सगळं एकाच दिवशी. दारात उभी राहिली तर?”

“कुत्रं भुंकेल.”

“ते भुंकलंय.”

मग मॅडमनी सांगितलं ते असं. फाइलींचा इतिहास सांभाळणारा हा प्रोग्राम नाव बदललेलं पाहतच नाही. त्याला एवढंच दिसतं, की काल या नावाची एक फाइल होती, ती आज नाही, आणि आज एक वेगळीच आली आहे. मग तो गेलेली आणि आलेली शेजारी शेजारी ठेवतो आणि ओळी जुळवतो. निम्म्याहून जास्त जुळल्या, तर म्हणतो, अरे, ही तर तीच! आणि जुना इतिहास तिच्या मागे लावून देतो. नाही जुळल्या, तर म्हणतो, जुनी वारली, ही नवी जन्मली. ऊर्जितानं आत एवढा झाडू फिरवला होता, की एकही फाइल निम्मीसुद्धा जुळली नाही. आणि सोबत यंत्र आवाजावर भरवसा ठेवायचं ते त्याच्या फाइलचा इतिहास किती जुना यावरून. दररोज थोडं थोडं शिकून ते चाचांच्या मेंदूला रुचेल असा आवाज पोचवायचं. इतिहास तुटला आणि चारशे बारा आवाज एका दुपारी परके झाले.

“म्हणजे मी चाचांचं सगळं पुसलं?” ऊर्जिताचा चष्मा धुकट झाला.

“पुसलं काही जात नाही गं, तेच तर या प्रोग्रामचं वैशिष्ट्य. जुनं सगळं मागे आहे. पण मेंदू दहा दिवसांत नव्या आवाजाला बसतो. मग जुनं लावलं तर तेच परकं वाटेल. चार गेले. आणि चूक एकट्या तुझी नाही. मी नुसती नावं वाचून सही केली. चल, बस शेजारी.”

दोघींनी जुन्या फाइली बाजूला काढून तपासायला घेतल्या. आधी जुनी आणि नवी, कोण खऱ्या आवाजाच्या जवळ, ते पाहायचं. शिट्टी: जुनी बरोबर. खुंटी: जुनी बरोबर. तंबोऱ्याच्या तारा: जुनीच, शंभरात अठ्ठ्याण्णव. ऊर्जिताचा जीव भांड्यात पडत चालला. मग तिनं फोनवरचं ‘साखर घालू का अजून’ लावलं.

नवी फाइल: सत्याण्णव. जुनी: एकसष्ट.

“उलटं आलं,” ती म्हणाली. पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

आणि मग तिला कळलं. कुणी न सांगता, एकदम कळलं, आणि अंगावर काटा आला. रोजच्या शिकण्याला मागच्या सगळ्या दिवसांचं वजन असतं. बारा वर्षांचे चार हजारांहून जास्त दिवस एका पारड्यात आणि आजचा एकटा दिवस दुसऱ्यात! बनवणाऱ्यांनी मुद्दामच तसं केलं होतं, एखाद्या दिवसाच्या सर्दीनं घरच्या माणसाचा आवाज परका होऊ नये म्हणून. खुंट्या-तारांचं त्यात काही बिघडत नाही, त्या म्हाताऱ्या होत नाहीत. पण माणूस होतो. चाची रोज कणाकणानं थकत होत्या आणि यंत्र रोज कणाकणानं ते झाकत होतं. साठीच्या चाचींचा अठ्ठेचाळिसाव्या वर्षीचा आवाज चाचा आजवर ऐकत होते. खोकला तर आवाजात धरलेलाच नव्हता, यंत्र तो कचरा म्हणून गाळत होतं.

“मॅडम, आता कुठली लावू?”

मॅडमनी खुर्ची मागे सरकवली. “हे तू ठरवू नकोस. मीही नाही ठरवणार. ज्याचा कान, त्याला विचार.”

रस्ताभर तिनं भाषण तयार केलं होतं. माडीवर पोचल्यावर त्यातलं एक अक्षर आठवेना. चाचांनी यंत्र लावेपर्यंत ती भुशात अंगठ्यानं रेघोट्या ओढत राहिली.

“चाचा, तुमच्या वयाचं काही नाही. मी केलं ते. नावं बदलली आणि आतही बदललं, एकदम. कान तुमच्या आवाजांना ओळखेनासा झाला. सॉरी.”

चाचांनी भुवया वर केल्या. “म्हणजे चार दिवस मी स्वतःला म्हातारा म्हणवून घेतोय ते तुझ्या साफसफाईपायी?”

“हो.”

“आणि वटवटीचं काय केलंस?”

“ध्वनी मानव शून्य एक सात.”

“अरारारा!” चाचांनी कपाळाला हात लावला. “याच्यापेक्षा सरळ कैदेत टाकायचं होतंस. चल, सगळी परत आण. पहिली माझी जैतून आण.”

“आणते. पण चाचा, अजून एक आहे.” आणि तिनं चाचींच्या फाइलचं सांगितलं. एकसष्टचं, सत्याण्णवचं, वजनाचं, खोकल्याचं. सांगता सांगता तिचं लक्ष दाराकडे गेलं. चाची चौकटीला टेकून उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे.

“म्हणजे,” चाची हळूच म्हणाल्या, “दोन वर्षं मी खोकतेय ते याला ऐकूच आलं नाही?”

ऊर्जितानं मान डोलावली.

“आणि मी काय समजत होते! समोर बसून खोकते, हा विचारत नाही. रात्रभर उशीत तोंड घालून पडते, हा विचारत नाही. म्हटलं, याला तंबोऱ्याची फिकीर, बायकोची नाही. किती वेळा रुसले!” त्यांना हसू फुटलं. “आणि तो रुसवाही मेला तरुण आवाजात ऐकू येत असणार!”

ऊर्जितालाही हसू आलं, पण चाचींचं मध्येच थांबलं. “दे त्याला जुनी,” त्या म्हणाल्या. “गोड होती ती. मलाही आवडायची.”

चाचांनी बोटांनी तार नुसती दाबून धरली होती.

“एकदा ऐकू दे,” ते शेवटी म्हणाले.

ऊर्जितानं जुनी फाइल तात्पुरती लावली. “चाची, काहीतरी बोला ना.”

“काय बोलू? बोला म्हटल्यावर काय बोलायचं असतं?” चाची लाजल्या. “आजचा कालवण-भात बरा झाला होता का? मीठ जास्त पडलं होतं. तू मुकाट्यानं खाल्लंस.”

चाचांनी डोळे मिटले. आणि त्यांचा चेहरा असा काही सैलावला, की ऊर्जिताला वाटलं, झालं, मिळालं उत्तर. आता कोण कशाला नवी मागेल? ओठांच्या कोपऱ्यात हसू, मान किंचित कलती, जवारी नेमकी लागल्यावर होते तशी. “हीच,” ते पुटपुटले. “हीच माझी जैतून. बोल अजून.”

चाचींनी बोलायला श्वास घेतला आणि त्यांना खोकल्याची ढास लागली. मोठी. त्यांनी चौकट धरली, पदर तोंडाशी नेला, कमरेत वाकल्या. ऊर्जिता पाणी आणायला धावली.

चाचा मात्र डोळे मिटून हसत बसले होते. त्यांच्या कानात फक्त शांतता होती. ते पुढच्या शब्दाची वाट बघत होते. शब्द येईना तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

समोर त्यांची बायको दुमडली होती. खांदे गदगद हलत होते, गळ्याच्या शिरा ताठल्या होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि आवाज काही नाही. काचेपलीकडे घडावं तसं सगळं मुकं.

ते उठले. पायाला लागून हातोडी घरंगळली, ती मात्र त्यांना स्वच्छ ऐकू आली. चाचींच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा तो हात प्रत्येक ढासेबरोबर उसळत होता. चाचा त्या हाताकडे बघत राहिले. कानांना जे कळत नव्हतं, ते तळव्याला कळत होतं.

“ऊर्जी,” ते म्हणाले, “ही काढ.”

“जुनी?”

“काढ म्हणतो ना! बायको मरायला टेकली तरी मला गोडच ऐकू यायचं का?”

“मरायला कोण टेकलंय?” चाची धापा टाकत म्हणाल्या, पण ते त्यांना जुन्याच आवाजात ऐकू गेलं असणार, म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

ऊर्जितानं घाईघाईनं बदललं. चाचींचा पुढचा श्वास खरखरत आला. चाचा दचकले नाहीत या वेळी. डोकं पुढं झुकवून ऐकत राहिले, नवं लाकूड ठोकून बघतात तसं, कुठं भरीव, कुठं पोकळ.

“जुनी फेकायची नाही,” थोड्या वेळानं ते म्हणाले. “राहील ना ती?”

“राहील. तीच फाइल, तिचा बारा वर्षांचा इतिहास, सगळं. आधी फक्त नाव परत लावते. यंत्राला पटलं की ही तीच, मग दुसऱ्या दिवशी आजच्या आवाजाचं वजन वाढवते. एका वेळी एकच.”

“कुठल्या शहाण्यानं शिकवलं हे?”

“चार दिवसांपूर्वी माहीत असतं तर!” ऊर्जिता म्हणाली, आणि पहिल्यांदाच चाचा मोठ्यानं हसले.

रविवारी सकाळी आठला ती लॅपटॉप घेऊन माडीवर बसली. या वेळी उरकून टाकायचं नव्हतं. मागे जाऊन चारशे बारा फाइली जशाच्या तशा आणायच्या, आणि ज्याचं नाव खरंच बदलायचं त्याचं तेवढंच बदलून, आत बोटही न लावता जमा करायचं. ती नाव वाचायची, चाचा तार छेडत ‘राहू दे’ किंवा ‘बदल’ म्हणायचे. ‘नको तो फोन’ राहिला. ‘कुकर चौथी शिट्टी’ची ‘भात करपला’ झाली, कारण तेच खरं होतं म्हणे. दुपारी मॅडम आल्या आणि या वेळी यादी न बघता एकेक फाइल उघडून वाचत बसल्या. तीन वाजता चाचांनी धागा अर्ध्या केसाएवढा सरकवला आणि तंबोरा असा गुंजला, की मॅडमच्या हातातला चहा तसाच राहिला.

‘जैतून’ सगळ्यात शेवटी घेतली. नाव परत लावलं. वय: बारा वर्षं. बस्स, त्या दिवशी तेवढंच.

सोमवारी शाळा सुटल्यावर ऊर्जिता पळतच आली आणि वजन बदललं. आजच्या दिवसाला भरपूर, मागच्या दिवसांना बेताचं. खोकल्याला वेगळी जागा दिली, गाळणीबाहेर. जमा केलं आणि चाचांकडे पाहिलं. चाचा घोडी घासत होते. “काय फरक नाही वाटत,” म्हणाले.

तेवढ्यात खालून हाक आली.

“अजीऽ... चहा... झालाय.”

तीन शब्द आणि त्यात दोनदा श्वास मोडला. चाचांचा हात घोडीवरच थांबला. ऊर्जिताला विचारावंसं वाटत होतं, परकं वाटतंय का, पत्र्यावर वाळू वाटतेय का. तिनं आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं.

“वर घेऊन येतेय,” पुन्हा आवाज आला आणि पहिल्या पायरीवर पाऊल वाजलं.

“येऊ नकोस!” चाचा एवढ्या मोठ्यानं ओरडले, की भोपळे घुमले. घोडी बाजूला ठेवून, भुसा न झटकताच ते जिन्याकडे निघाले. “तिथंच थांब. मीच येतो. आणि उद्या सकाळी दवाखान्यात जायचं. तंबोऱ्याचं गिऱ्हाईक थांबेल.”

खाली पाऊल थांबलं. मग चाचींनी विचारलं, अगदी हळू, जिन्याच्या तळाशी उभं राहून,

“ऐकू आलं वाटतं?”

“आलं,” चाचा पायऱ्या उतरत म्हणाले. “उशिरा आलं, पण तुझंच आलं.”